जुन्या गाडीची ऑइलगळती: उगम कसा शोधायचा आणि पक्की कशी बंद करायची

गाडीखाली तेलाचा डाग दिसला की आपण गॅरेज गाठतो. तिथे जो भाग सर्वांत ओला दिसतो त्याचं पॅकिंग बदललं जातं, पैसे दिले जातात आणि आठ-पंधरा दिवसांत डाग पुन्हा हजर होतो. तेल सुटतं एकीकडे आणि थेंब पडतो दुसरीकडे, हे त्यामागचं कारण. वरच्या पॅकिंगमधून सुटलेलं तेल इंजिनच्या ब्लॉकवरून ओघळत खाली येतं, गाडी पळताना समोरचा वारा त्याला मागे ढकलतो आणि शेवटी चेंबरच्या (इंजिनच्या तळाशी असलेल्या तेलाच्या भांड्याच्या) मागच्या कडेवरून ते टपकतं. बघणाऱ्याला वाटतं चेंबर गळतोय. त्याचं पॅकिंग शाबूतही असू शकतं.

म्हणून इथे दुरुस्तीपेक्षा शोधण्यावर जास्त लिहिलं आहे. उगम नक्की सापडला तर बऱ्याच गळत्या घरच्या पान्यांनी आणि काहीशे रुपयांच्या सामानात बंद होतात.

नाशिक जिल्ह्यात दहा-पंधरा वर्षांच्या डिझेल जीप, पिकअप आजही रोजच्या कामावर आहेत. निफाड-पिंपळगावची द्राक्षं, लासलगावचा कांदा, त्र्यंबक-इगतपुरीकडची भाडी यांचं ओझं याच गाड्या वाहतात. बोलेरो, स्कॉर्पिओसारख्या गाड्या नाशिकच्याच कारखान्यात तयार होत आल्या आहेत, त्यामुळे त्यांचे सुटे भाग आणि त्या उघडून बसवणारे हात इथे सहज मिळतात. हवामानाचा मात्र रबराला ताप आहे. हिवाळ्यात निफाडचा पारा कित्येकदा ५ अंशांच्या आसपास उतरतो, उन्हाळ्यात तोच ४० कडे जातो, आणि कसारा घाट भरल्या गाडीने चढताना इंजिनचं तेल चांगलंच तापतं. वर्षानुवर्षं तापून-निवून सीलचं रबर कडक होतं. सकाळी गार इंजिनवर गळती आणि गरम झाल्यावर बंद, असं होत असेल तर बहुधा कडक झालेलं सील किंवा बसकं झालेलं पॅकिंग त्याला जबाबदार असतं.

पडतंय ते काय आहे, ते आधी ठरवा

रात्री गाडी सपाट जागेवर लावा, खाली मोठा पांढरा पुठ्ठा सरकवा आणि त्यावर पुढच्या चाकांची जागा पेनाने खुणावून ठेवा. सकाळी डाग कुठे पडला आणि कसा दिसतो, हे दोन्ही कळतं.

तपकिरी ते काळा, बोटांत चिकट लागणारा डाग इंजिन ऑइलचा. डिझेल गाडीत तो जवळपास काळाच असतो. गियरबॉक्स आणि डिफरन्शियलच्या तेलाला गंधकासारखा उग्र वास येतो, तो एकदा घेतला की विसरत नाही. लालसर पातळ तेल बहुतेक वेळा पॉवर स्टीअरिंगचं असतं. चाकाच्या आतल्या बाजूला किंवा पेडलखाली पातळ, पिवळट, पाण्याने धुऊन जाणारं द्रव दिसलं तर ते ब्रेक ऑइल. तसं असेल तर गाडी हलवूच नका, आधी ब्रेकचं काम करा. हिरवं किंवा गुलाबी, गोडसर वासाचं पाणी कूलंटचं. एसी चालवल्यानंतर पडणारं स्वच्छ पाणी नेहमीचंच, त्याची काळजी नको.

किती गळतंय याचाही अंदाज घ्या. साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. रात्रभरात चार-पाच थेंब पडले तर महिन्याला दहा मिलिलिटरही जात नाहीत, म्हणजे घाई नाही. पण पुठ्ठा कोरडा असताना ऑइल मोजायच्या पट्टीवरची पातळी दर आठवड्याला खाली जात असेल तर जास्त सावध व्हा. इंजिन चालू असताना तेल पंपाच्या दाबाखाली असतं. प्रेशर स्विच, ऑइल फिल्टर, टर्बोला तेल नेणारी नळी या जागा फक्त गाडी चालू असतानाच फवारा मारतात, बंद केली की थांबतात. अशी गळती एका लांबच्या फेरीत लिटरभर तेल घालवू शकते आणि घरी गाडीखाली डागही दिसत नाही. तेल गळत नाही, धूरही निळा निघतोय, तर ते जळतंय. त्याचा इलाज पिस्टनच्या रिंग किंवा वॉल्व्ह सीलकडे आहे, तो या लेखाचा विषय नाही.

इंजिन धुतल्याशिवाय शोध नाही

ही पायरी लोक टाळतात आणि तिथेच सगळं चुकतं. कित्येक वर्षांचा तेल-धुळीचा थर असलेल्या इंजिनवर ताजं तेल ओळखू येत नाही. पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबकच्या रस्त्यांवरचा चिखल खालून बसतो तेव्हा तर ते अशक्यच.

इंजिन पूर्ण गार असू द्या. अल्टरनेटर, स्टार्टर, फ्यूज बॉक्स, एअर फिल्टरचं तोंड आणि पेट्रोल गाडी असेल तर इग्निशनचे भाग प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधून घ्या. डिग्रीझर मारा, दहा मिनिटं मुरू द्या, जुन्या पेंट ब्रशने आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने कोपरे घासा, मग कमी दाबाच्या पाण्याने धुवा. डिझेलने धुण्याची पद्धत अजून चालते, पण डिझेल रबरी होज आणि बेल्टवर राहू देऊ नका आणि एक्झॉस्टवर उडालेलं नीट पुसून वाळू द्या. वॉशिंग सेंटरवर मोठ्या दाबाची धार इंजिनवर मारून घेऊ नका. ती कनेक्टरमध्ये पाणी घालते, आणि सीलच्या ओठाखाली (शाफ्टला टेकणाऱ्या रबरी कडेखाली) माती ढकलते. धुतल्यावर हवा मारून सगळं कोरडं करा.

आता संशयित जागांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरवा. इंजिन चालू करून दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्या, पंखा आणि बेल्टपासून हात व कपडे लांब ठेवून टॉर्च मारत बघा. काहीच दिसलं नाही तर गंगापूर धरणापर्यंत एक फेरी मारून या आणि पुन्हा बघा. पांढऱ्या पावडरीत तेलाची एक चकचकीत काळी रेघ उमटलेली असते. त्या रेघेचं सर्वांत वरचं आणि सर्वांत पुढचं टोक म्हणजे गळतीचा उगम. खाली कितीही ओलं असलं तरी तिकडे लक्ष देऊ नका.

पिंपळगाव बसवंतच्या आमच्या एका नातेवाइकांच्या जुन्या डिझेल जीपला क्रँकचं (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं सील गेल्याचं सांगण्यात आलं होतं. म्हणजे गियरबॉक्स उतरवायचा, क्लच काढायचा, ऐन द्राक्षाच्या हंगामात गाडी दोन-तीन दिवस उभी. क्लच हाऊसिंग खालून ओलंचिंब होतं, त्यामुळे निदान पटण्यासारखं होतं. इंजिन धुऊन पावडर मारली आणि बराच वेळ काहीच दिसेना. मग हेडच्या (इंजिनच्या वरच्या भागाच्या) मागे, केबिनच्या पत्र्याच्या बाजूला, एक छोटा आरसा तिरका धरला. टॅपेट कव्हरच्या (हेडवरच्या झाकणाच्या) मागच्या कोपऱ्यातून दोऱ्याइतकी बारीक रेघ निघून हेडच्या मागच्या भिंतीवरून सरळ हाऊसिंगवर उतरत होती. पॅकिंग बदललं, गळती थांबली, गियरबॉक्सला हात लावावा लागला नाही. तेव्हापासून दांड्यावरचा आरसा मी पान्यांच्या पेटीत सर्वांत वर ठेवतो.

पावडरीनेही उगम सापडत नसेल तर अतिनील प्रकाशात चमकणारा डाय मिळतो. बाटलीवर दिलेल्या प्रमाणात तो इंजिन ऑइलमध्ये टाका, थोडे दिवस गाडी चालवा आणि रात्री अंधारात त्याच्या खास टॉर्चने बघा. गळतीची वाट हिरवट-पिवळी चमकते.

पॅकिंग आणायच्या आधी ब्रीदर तपासा

माझं ठाम मत आहे की जुन्या गाडीत ब्रीदर बघितल्याशिवाय एकही सील बदलू नये. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा गॅस खाली चेंबरमध्ये येतच असतो. तो ब्रीदरच्या नळीतून बाहेर निघतो. नळी, तिची जाळी किंवा वॉल्व्ह काजळीने तुंबला की आत दाब साठतो आणि जी जागा कमजोर असेल तिथून तो तेल बाहेर ढकलतो. तुम्ही टॅपेट कव्हर नीट केलंत तर क्रँक सील गळायला लागेल, ते बदललंत तर चेंबर.

इंजिन आयडलवर चालू ठेवून ऑइलचं झाकण सैल करा. पेट्रोल गाडीत सगळं ठीक असेल तर झाकणाच्या जागी हलकी ओढ जाणवते. भरायच्या तोंडावर पातळ प्लास्टिकची पिशवी धरली तर ती आत खेचली जाते. ती फुगत असेल तर ब्रीदर तुंबलाय. जुन्या डिझेलमध्ये थोडी वाफ भकभकणं चालतं, पण झाकण उडायला बघत असेल, पट्टी आपोआप वर येत असेल तर ब्रीदर साफ करून पुन्हा तपासा. साफ केल्यावरही तसंच राहिलं, तर मिस्त्री ज्याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात ते आहे, म्हणजे रिंग-लायनर झिजलेत. अशा इंजिनवर नवी सीलं टिकत नाहीत. कॉम्प्रेशन तपासून इंजिनच्या कामाचा निर्णय आधी घ्या.

ब्रीदरची नळी काढून आतून डिग्रीझरने धुवा, जाळी असेल तर ती रात्रभर भिजत ठेवा. पेट्रोल गाडीतला छोटा वॉल्व्ह हलवला की आत खुळखुळला पाहिजे. नसेल तर नवा टाका, तो स्वस्त असतो.

वरून खाली उतरत तपासायच्या जागा

ऑइल भरायच्या झाकणाचं रबर, टॅपेट कव्हर, हेडच्या टोकाला असलेले अर्धचंद्राकार रबरी बूच, कॅमचं सील. डिस्ट्रिब्यूटर असलेल्या जुन्या पेट्रोल गाड्यांत त्याच्या दांड्याची ओ-रिंग हमखास कडक झालेली असते आणि ती काही रुपयांना येते. त्याखाली ऑइल प्रेशर स्विच. त्याचा कनेक्टर काढून बघा, आत तेल भरलेलं असेल तर स्विचच आतून फुटलाय, नवाच टाका.

बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीवर ब्रेकसाठीचा व्हॅक्यूम पंप असतो. त्याला इंजिनचंच तेल एका नळीने जातं आणि दुसऱ्या नळीने परत चेंबरला येतं. या नळ्या चिरल्या किंवा जोडाचे तांब्याचे वॉशर बसले की सगळा डावा-उजवा भाग माखतो आणि कोणालाही अल्टरनेटरवर संशय येत नाही. टर्बो असेल तर त्याच्या खाली तेल परत नेणारी नळी बघा. ही जागा एक्झॉस्टला चिकटून असते. तापलेल्या एक्झॉस्टवर तेल पडणं म्हणजे आगीला आमंत्रण, ही गळती पुढे ढकलू नका.

ऑइल फिल्टरपाशी गळती असेल आणि सर्व्हिसिंग नुकतंच झालं असेल तर जुन्या फिल्टरचं रबर ब्लॉकला चिकटून राहून त्यावर नवा फिल्टर चढवला गेलाय का ते बघा. दोन रबरं एकावर एक बसली की ती कधीही निसटतात. नवा फिल्टर बसवताना त्याच्या रबराला तेलाचं बोट लावा, रबर टेकल्यावर हाताने आणखी पाऊण फेरा आवळा. पान्याने आवळू नका.

टॅपेट कव्हर: सर्वांत जास्त वेळा लागणारं काम

कव्हर काढायच्या आधी भोवतालची माती पुसून घ्या, खडा आत पडला तर मोठं नुकसान. उघडल्यावर हेडमधली तेल खाली जायची भोकं स्वच्छ कापडाने झाका. जुनं पॅकिंग खरवडताना ॲल्युमिनियमवर लोखंडी पटाशी चालवू नका, ओरखड्यातून पुन्हा गळेल. प्लास्टिकची किंवा लाकडाची पट्टी वापरा आणि शेवटी दोन्ही कडा ब्रेक क्लीनरने किंवा थिनरने पुसून अगदी कोरड्या करा. कडेवर बोट फिरवल्यावर तेलाचा जराही बुळबुळीतपणा लागता कामा नये. नवं पॅकिंग टिकतं की नाही ते या पुसण्यावर ठरतं.

पत्र्याचं कव्हर असेल तर बोल्टच्या भोकांभोवती पत्रा आत दबलेला असतो, कारण गळती थांबवायला आधी कोणीतरी ते करकचून आवळलेलं असतं. कडेवर स्टीलची पट्टी टेकवून बघा, मागून उजेड दिसेल. सपाट लोखंडी ठोकळ्यावर उलटं ठेवून छोट्या हातोडीने तो भाग हळूहळू सरळ करा. ओतीव ॲल्युमिनियमचं कव्हर वाकलं असेल तर सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत सरफेस ग्राइंडिंग करणाऱ्याकडे न्या, हे काम तिथे लवकर होतं.

रबरी पॅकिंग कोरडंच बसवा. सिलिकॉन फक्त हेडमधल्या जोडांच्या कोपऱ्यांवर आणि अर्धचंद्राकार बुचांच्या टोकांवर, तेही मसुरीएवढं. बोल्ट मधून सुरुवात करून आलटून पालटून बाहेर जात दोन टप्प्यांत आवळा. ६ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर पुरतात, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. टॉर्क रिंच नसेल तर छोटा गोटी पाना घ्या आणि फक्त मनगटाचा जोर लावा. कॉर्कचं पॅकिंग तर जास्त आवळल्यावर फुटतंच.

चेंबर आणि ड्रेन बोल्ट

गाडीखाली जायचं तर सपाट जागा, हँडब्रेक, चाकांना पुढे-मागे ठोकळे आणि चासीखाली जॅक स्टँड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका, विटा रचूनही नाही.

ड्रेन बोल्टचा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर प्रत्येक ऑइल बदलाला नवा लागतो. तो जुना ठेवून बोल्ट जोरात आवळत गेलं की एके दिवशी आटे जातात. आटे गेले असतील तर टेफ्लॉन टेप गुंडाळत बसू नका, लेथवाल्याकडून स्टीलची आटेदार स्प्रिंग बसवून घ्या.

चेंबरचं पॅकिंग खरंच गेलंय हे वरचं सगळं कोरडं असल्याची खात्री झाल्यावरच मान्य करा. सिलिकॉन लावायचं असेल तर २-३ मिलिमीटर जाडीची एकसलग धार, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. जास्त लावलेलं सिलिकॉन आत पिळून निघतं, तुटून ऑइल पंपाच्या जाळीवर बसतं आणि इंजिनचा तेलाचा पुरवठा तोडतं. ट्यूबवर लिहिलेल्या वेळेइतकं वाळू द्या, बहुतेकांना पूर्ण पक्कं व्हायला २४ तास लागतात.

ऑइल सील बदलताना

जुन्या सीलवर तीन आकडे असतात, उदाहरणार्थ ३५×५२×७. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. नुसतं मापानं सील घेऊ नका, रबर कोणतं तेही विचारा. साधं नायट्राइल रबर १०० अंशांच्या थोडं पुढेपर्यंत टिकतं, व्हायटॉन २०० अंशांपर्यंत. क्रँक आणि कॅमला कंपनीने जे रबर दिलंय तेच घ्या.

जुनं सील काढताना शाफ्टवर ओरखडा पडू देऊ नका. शाफ्टवर नखाला अडकणारी खाच पडली असेल तर नवं सीलही गळेल. अशा वेळी सील मिलिमीटरभर पुढे-मागे बसवून ओठ नव्या जागी टेकवता येतो, किंवा शाफ्टवर पातळ स्टीलची बाही चढवतात. रबरी ओठाला तेल लावून, स्प्रिंगची बाजू आत तेलाकडे ठेवून, सपाट तबकडीने सारखं ठोकत बसवा. काही नव्या सीलांचा ओठ टेफ्लॉनचा असतो, ती मात्र कोरडीच बसवायची असतात.

पुढचं क्रँक किंवा कॅम सील टायमिंग बेल्टच्या मागे असेल आणि बेल्टवर तेल पडलं असेल तर बेल्ट पुसून परत लावू नका, नवाच घाला. हे काम टायमिंग लॉक करायची हत्यारं असलेल्या मिस्त्रीकडेच द्या.

क्लच हाऊसिंगच्या तळच्या भोकातून तेल येत असेल तर त्याचा वास घ्या. गंधकाचा वास म्हणजे गियरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं सील, काळं इंजिन ऑइल म्हणजे क्रँकचं मागचं. गियरबॉक्स उतरतोच आहे तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि दोन्ही सीलं एकदमच बघून घ्या. मजुरी एकदाच लागते.

मागच्या डिफरन्शियलचं पिनियन सील किंवा चाकाकडचं सील गळत असेल तर ॲक्सलवरचा छोटा ब्रीदर आधी बघा. शेतरस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीत तो चिखलाने हमखास बुजलेला असतो. तो मोकळा करा आणि तेल भरायच्या भोकाच्या कडेपर्यंतच भरा, जास्त नाही.

या गोष्टींवर पैसे घालवू नका

गळती थांबवायला जास्त जाड ऑइल टाकू नका. जाड तेल सकाळच्या थंडीत वरच्या भागांपर्यंत उशिरा पोचतं आणि झीज वाढते. कंपनीने १५डब्ल्यू-४० (ऑइलच्या जाडीची श्रेणी) सांगितलंय तर तेच. सील फुगवणारी औषधं कडक सीलवर काही काळ काम करतात, फाटलेल्या पॅकिंगवर करत नाहीत. फार तर कामाच्या तारखेपर्यंत वेळ काढायला वापरा. बाहेरून एम-सील किंवा सिलिकॉन थापणं तर अजिबात नको, तेलकट पृष्ठभागावर ते धरत नाही आणि नंतर खरवडायला दुप्पट वेळ जातो.

काम झाल्यावर

इंजिन पुन्हा पुसून कोरडं करा, पावडर मारा आणि त्र्यंबकेश्वरपर्यंत जाऊन या. जाऊन-येऊन ६० किलोमीटरच्या आसपास होतं, इंजिन नीट तापतं. परत आल्यावर पट्टी बघा, खाली पुठ्ठा टाका. वाटेत कधीही ऑइलचा लाल दिवा लागला तर पुढचा पेट्रोल पंप गाठायचा प्रयत्न न करता तिथेच इंजिन बंद करा.

काढलेलं जुनं तेल कॅनमध्ये बंद करून ठेवा. वापरलेलं तेल कायद्याने घातक कचरा आहे. गटारात ओतलेलं तेल नंदिनीतून गोदावरीत जातं. अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांना तेल देणाऱ्या सर्व्हिस सेंटरला ते नेऊन द्या.

५०० किलोमीटर झाले की कव्हरचे बोल्ट हाताने तपासा. कॉर्कचं पॅकिंग बसतं तेव्हा ते किंचित सैल होतात, मॅन्युअलच्या आकड्यापर्यंतच पुन्हा आवळा. ऑइलची पातळी आणि किलोमीटर डॅशबोर्डच्या खणातल्या वहीत लिहीत चला, म्हणजे पुढची गळती डाग दिसायच्या आधीच आकड्यांत कळेल.